नावातच लिहिलं होतं

गठ्ठा सोडून पहिली पत्रिका हातात घेतली आणि पोटात गोळा आला. सोनेरी फॉइलमधली नवरा-नवरीची इंग्रजी नावं अर्धवट उमटली होती. 'एन'ची मधली तिरपी रेघ ठसठशीत, बाजूचे दोन्ही खांब गायब. 'ए'चा डावा पाय गळालेला, 'यू'ला उजवा हातच नाही. पत्रिका चारशे आणि मुहूर्त एकवीस दिवसांवर.

तसाच फॉइलवाल्याकडे गेलो आणि भांडलो. तो शांतपणे म्हणाला, "फाइल दिलीत तेव्हाच बोललो होतो, रेघ जाड करून आणा. तुम्ही म्हणालात, बारीकच छान दिसते." म्हणालो होतो खरा. शब्दही हेच होते.

फॉन्ट बोदोनी. रोमन अक्षरांच्या टोकांना ज्या आडव्या टाचा असतात त्यांना सेरिफ म्हणतात. बोदोनीत त्या केसासारख्या बारीक असतात आणि शेजारचा खांब चांगला जाडजूड. या विरोधातच त्याची सगळी ऐट. पडद्यावर मी ती नावं चारपट मोठी करून पाहायचो आणि दर वेळी स्वतःवरच खूश व्हायचो. मुलीच्या वडिलांना तर मी व्याख्यानच दिलं: जांबात्तिस्ता बोदोनी, पार्मा शहर, तिथल्या ड्यूकचा छापखाना, दोनशे वर्षांची शान. काका बिचारे मान डोलवत होते. त्यांना हव्या होत्या पत्रिका.

त्या व्याख्यानात एक गोष्ट राहून गेली, कारण ती मलाच माहीत नव्हती. बोदोनी छापायचा तो गुळगुळीत कागदावर, ऐसपैस समास सोडून. आणि खिळ्यांच्या जमान्यात प्रत्येक आकाराचं अक्षर वेगळं कोरावं लागे, त्यामुळे लहान टाइपात बारीक रेघेला थोडं अंग देता येई. संगणकाने ती अडचण काढून टाकली आणि अक्कलही. एकच आकृती हवी तेवढी ताणा, हवी तेवढी आवळा. पुढे कळलं की आयटीसी या फॉन्ट कंपनीने १९९४ मध्ये बोदोनीचे सहा, बारा आणि बहात्तर पॉइंटांसाठी असे तीन वेगळे अवतार काढले ते नेमके याचसाठी. मी चौदा पॉइंटांच्या नावांना बहात्तरचा लावला होता. यादीत तोच सर्वांत देखणा दिसत होता ना! वर कागद निवडला हँडमेड, खरबरीत. त्याच्या खळग्यांत फॉइल पोचणार कुठून?

दुसरी छपाई माझ्या खिशातून झाली. गुळगुळीत कागद, बाराचा अवतार.

यातून शहाणा झालो म्हणावं, तर नाही. पुढच्याच वर्षी एका निवृत्त शिक्षकांच्या अमृतमहोत्सवाचा गौरवग्रंथ हाती आला. शहाण्णव पानं, त्यांत परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांचे इंग्रजी लेख. त्यांना मी लावला प्लेफेअर डिस्प्ले. फुकट मिळतो, रुबाबदार आहे, २०११ पासून जो तो वापरतो. 'डिस्प्ले' म्हणजे मथळ्यासाठी, मोठ्या आकारासाठी. नावातच लिहिलं होतं. मी तो नऊ पॉइंटांत मजकुराला लावला. सुरुवातीची आठ पानं तर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत काढली. काळा साधा नाही, चारही रंग मिसळून केलेला गडद काळा. मशीनमनने हात जोडले. "चार रंगांचं रजिस्टर केसभर हललं तरी अक्षरात शाई घुसेल हो." केसभर हललंच. पांढऱ्या बारीक रेघा शाईने गिळल्या आणि उरलेल्यांना गुलाबी-निळी किनार आली.

समारंभात सरांनी ग्रंथ उघडला, चष्मा पुसला, मग खिशातून भिंग काढलं. थोडा वेळ पाहिलं आणि मला जवळ बोलावून म्हणाले, "अक्षर सुंदर आहे हो. आता काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. उभ्याने, दोन पानं.

तिसरी चूक मला सर्वांत लागली, कारण ती माझ्याच लिपीत केली. एका पुस्तकाचं मुखपृष्ठ दोन भाषांत होतं, वर मराठी नाव, खाली इंग्रजी. इंग्रजीला पुन्हा बोदोनीच. खोड जाता जात नाही. दोन्ही जुळेनात, म्हणून मी देवनागरीची शिरोरेषा बारीक केली आणि दंड जाड केले. स्वतःवर भलताच खूश होतो. प्रूफं तपासणाऱ्या बाईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "सगळी अक्षरं उपाशी दिसताहेत." उत्तर सुचेना.

कारण साधं होतं. बोदोनीत आडवी रेघ म्हणजे केस. देवनागरीत आडवी रेघच आधार, सगळा शब्द तिच्यावर टांगलेला. शिवाय आपल्या बोरूचा काप रोमन टाकाच्या उलट्या बाजूला तिरपा, म्हणून जाड-बारीकही उलट जागी येतं. रोमनचं वळण देवनागरीवर लादलं की अक्षराचा तोल जातो. ही गोष्ट लहानपणी कित्ता गिरवताना हाताला कळलेली होती. माउस हातात आल्यावर विसरलो. बाईंनी त्याच बैठकीत प्रत्येक 'ल' आणि 'श'भोवती लाल गोल काढले. फॉन्ट हिंदी वळणाचा होता. मराठीचा 'ल' पाकळ्यांचा असतो, हे चाळिशीतल्या माणसाला सांगावं लागलं. 'दऱ्या' या शब्दातला अर्धा र तर फॉन्टमध्ये नव्हताच. तिथे पाय मोडलेला र आणि शेजारी य असं काहीतरी उभं होतं.

आता असं काम आलं की मी टिरो देवनागरी मराठी उघडतो. मुळात मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या ग्रंथांसाठी घडवलेल्या अक्षरांतून तो आला आहे, जाड-बारीक त्यात आहे पण आपल्या बोरूचं आहे, आणि 'ल', 'श' मराठी आहेत. शेजारी इंग्रजीला गॅरामॉन्डच्या जातीचं काहीतरी लावतो, ज्यात बारीक रेघ इतकी बारीक नसते. भपका कमी होतो. होऊ दे.

आणखी एक कबुली, थोडक्यात, कारण आठवली की कानशिलं तापतात. एका मिठाईवाल्याचं बोधचिन्ह मी फुकट उतरवून घेतलेल्या सेरिफमध्ये केलं. सोबत परवान्याची फाइल होती, ती उघडलीच नव्हती. खोक्यांची छपाई सुरू होण्याआधी कुणीतरी ती उघडली: फक्त खासगी वापरासाठी. सगळी अक्षरं हाताने पुन्हा काढून दिली, पैसे न घेता.

तुमच्या घरी कार्य असेल आणि माझ्यासारखा कुणी लॅपटॉप वळवून "बघा, किती छान" म्हणाला, तर मान डोलवू नका. त्याच कागदावर, त्याच आकारात, त्याच फॉइलमध्ये काढलेली एक पत्रिका मागा आणि ती घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाच्या हातात, चष्म्याशिवाय द्या. पत्ता वाचता आला, तरच आगाऊ रक्कम द्या.