आमच्या मापाची स्की

गुलमर्गच्या अफरवतवर 2005 पासून गोंडोला सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेतो. तिथून उतरता उतरताच आम्हा दोघी बहिणींचे गुडघे पक्के झाले. यंदा नवी जोडी घ्यायची ठरली, तर दुकानदाराने आखूड, मऊ, फुलाफुलांची स्की पुढे केली : "लेडीज के लिए यही ठीक है."

वेगात अशी स्की थरथरते. कडक बर्फावर तिची धार निसटते. आम्ही रंग सोडून मधली रुंदी पाहिली. 90 ते 95 मिलिमीटर असली की दाबलेला बर्फही चालतो, ताजाही. लांबी कपाळापर्यंत, टोक किंचित उचललेलं, पोटात धातूचा पत्रा. वजन मात्र आमच्या पायांना पेलेल इतकंच.

बाईसाठीची वस्तू म्हणजे कमजोर वस्तू नव्हे. आपलं माप आपणच सांगायला हवं.