पाइपांची चाचणी परीक्षा

इंग्लंडात घरं उबदार राहतात ती गरम पाण्यावर, हे मुलीकडे राहायला गेल्यावरच नीट कळलं. बॉयलर गॅसवर पाणी तापवतो, पंप ते पाइपांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवतो आणि निवलेलं पाणी परत बॉयलरकडे येतं. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. शरीरात रक्त फिरतं तसंच म्हणा ना!

मुलीच्या जुन्या घरात यासाठी माळ्यावर एक छोटी टाकी होती. टाकी जेवढी उंच, तेवढाच पाइपांवर दाब. १० मीटरला साधारण १ बार, असा हिशोब. म्हणजे तळमजल्यावर जेमतेम अर्धा बार. मागच्या वर्षी नवा कॉम्बी बॉयलर घ्यायचं ठरलं. त्याला टाकी लागत नाही, सगळं बंदिस्त. पण त्यात पाणी थंड असतानाच १ ते दीड बार दाब ठेवतात आणि तापल्यावर तो आणखी वाढतो. पाइप तेच, ओझं मात्र दुप्पट-तिप्पट!

काम करणारा म्हणाला, बॉयलर बसवण्याआधी पाइपांची दाबचाचणी करू. जावई घाईत. शनिवारी हॉलमध्ये नवं लाकडी फ्लोअरिंग घालणारे यायचे होते.

"आई, चाळीस वर्षं गळले नाहीत, आता काय गळणार?"

मी म्हटलं, "अहो, चाळीस वर्षं त्यांच्यावर हे ओझं होतं कुठे?"

जुना बॉयलर काढून पाइपांची तोंडं बुचांनी बंद केली. पाणी भरलं, रेडिएटरमधली हवा सोडली. मग हातपंपाने दाब रोजच्या दीडपट, सव्वादोन बारपर्यंत नेला. हवेने का नाही, असं मी विचारलं. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, सांधा सुटला तर जोरात उडतो. पाणी नुसतं गळतं, असं तो म्हणाला. मी जन्मभर मराठी शिकवलं, पण हे लगेच पटलं.

काटा सुरुवातीला किंचित उतरला. तेवढं चालतं; अडकलेली हवा, पाण्याचं तापमान यामुळे तसं होतं. पण तासाभरात तो उतरतच राहिला. हॉलच्या फळ्या काढल्या. खाली तांब्याच्या एका वळणावर हिरवट डाग आणि थेंब! सांधा बदलला, पुन्हा दाब दिला. काटा हलला नाही.

हाच थेंब नव्या फ्लोअरिंगखाली राहिला असता तर? दाब उतरला की बॉयलर बंद पडतो, मग रोज वरून पाणी भरत बसा. ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू येतो, रेडिएटर आतून गंजतात आणि तो गाळ नव्या बॉयलरमध्ये जाऊन बसतो. ऐन जानेवारीत, घरात तान्हं बाळ असताना!

शाळेत चाचणी परीक्षेत नापास झालेल्या मुलाचे पालक रागावून यायचे. मी सांगायची, आत्ता कळलं हे बरं झालं, वार्षिकला अजून चार महिने आहेत. तो सांधा काही वाईट नव्हता. त्याला कोणी जास्त मागितलंच नव्हतं, एवढंच. माणसांचंही असंच असतं. 'आजवर चाललं' म्हणजे 'पुढचं झेपेल' असं नाही.

असो. तुमची मुलं तिकडे असतील आणि बॉयलर बदलणार असतील, तर एवढंच सांगा : फ्लोअरिंग शेवटी घाला. आधी काटा तासभर स्थिर राहू द्या.