कोणाला काय ठाऊक

बंगळूरच्या अ‍ॅव्हेन्यू रोडवर दहावीचं जुनं इंग्रजी गाइड अगदी स्वस्तात मिळतं, आणि आधीच्या मालकानं महत्त्वाच्या उत्तरांखाली रेघा मारून ठेवलेल्या असतात, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. चिकपेटमधल्या आमच्या वर्गात निम्मी मुलं ते दप्तरात घेऊनच येतात. म्हणजे कथा वाचायच्या आधीच तिचं तात्पर्य त्यांना पाठ असतं. कर्नाटकच्या दहावीच्या पुस्तकात आर. के. नारायण यांची ‘अ हीरो’ आहे. तात्पर्य काय, तर शक्तीपेक्षा धैर्य मोठं. गंमत अशी, की हे मत कथेतल्या स्वामी या मुलाच्या वडिलांचं आहे, आणि बाकीची सगळी कथा त्या मताची फिरकी घेण्यात जाते. वाघाशी झुंजलेल्या एका खेड्यातल्या मुलाची बातमी पेपरात वाचून वडील स्वामीला एकट्यानं ऑफिसच्या खोलीत झोपायला लावतात. तो भीतीनं बाकाखाली शिरतो, अंधारात काहीतरी हलताना दिसतं, ते भूतच असं समजून त्याच्या घोट्याला कडाडून चावतो, आणि निघतो घरफोड्या. सगळीकडे वाहवा. पोलीस इन्स्पेक्टरही म्हणतो, आमच्यात ये. रात्री हा वीर पुन्हा आजीच्या शेजारी, पांघरुणाखाली. वडिलांनी आपला नाद सोडला हे ऐकून त्याला केवढं हायसं वाटतं.

“मग मिस, परीक्षेत काय लिहायचं?”

“धैर्य मोठं, असंच लिहा. मार्क तिथंच आहेत. आता गाइड मिटा.”

यात ढोंग आहे असं काहींना वाटेल. मला नाही वाटत. परीक्षा द्यायची असते आणि कथा वाचायची असते. दोन्ही एकाच तासात बसतात, फक्त मुलांना तसं उघड सांगावं लागतं.

कथा शिकवताना नवे शिक्षक फळ्यावर डोंगर काढतात. पायथ्याशी सुरुवात, चढणीवर संघर्ष, शिखरावर उत्कर्षबिंदू, मग उतार. हा डोंगर गुस्टाव फ्रायटाग या जर्मन लेखकानं १८६३ साली मांडला, तो पाच अंकी नाटकांसाठी. चार पानांच्या कथेवर तो ठेवला की कथा दिसेनाशी होते आणि डोंगर तेवढा उरतो. मुलं मात्र खूश असतात, कारण चित्र काढलं की वही भरते. आपल्याकडे ना. सी. फडक्यांच्या तंत्राचं असंच झालं. लिहिणाऱ्यांना त्याचा थोडाफार उपयोग झाला असेल, शिकवणाऱ्यांना मात्र आयता साचा मिळाला.

मी डोंगर काढत नाही, रकाने आखते. प्रश्न एकच असतो: या ओळीपाशी कोणाला काय ठाऊक आहे?

त्यासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेली कथा आमच्या पुस्तकात नाहीच. ती महाराष्ट्राच्या बारावीच्या पुस्तकात आहे, नारायण यांचीच ‘अ‍ॅन अ‍ॅस्ट्रॉलॉजर्स डे’. मालगुडीतल्या रस्त्याकडेला एक बनावट ज्योतिषी बसतो. रात्री उशिरा गुरू नायक नावाचा माणूस येतो आणि पैज लावतो. ज्योतिषी त्याला त्याच्या नावानं हाक मारतो, तुला सुरा लागला होता, विहिरीत ढकललं होतं, सांगतो. तुझा शत्रू लॉरीखाली मेला, आता गावी परत जा, पुन्हा दक्षिणेकडे फिरकू नकोस, असं बजावतो. घरी गेल्यावर ज्योतिषी बायकोला सांगतो, की मारणारा तो स्वतःच.

कथा वाचून झाली की मी सांगते, आज घरी जाऊन ही कोणालातरी सांगा, आपल्या भाषेत. आमच्या वर्गात कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू, मारवाडी, सगळं आहे. मराठीही इथं पाहुणी नाही. १६३८ साली बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं तेव्हापासून ती या पेठांतून बोलली जाते, आणि अलीकडच्या पिढ्यांत खानापूर-आटपाडीकडच्या, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांनी तिला पुन्हा माणदेशी वळण दिलंय. दुसऱ्या दिवशी मी विचारते, काय झालं? बहुतेकांचं एकच. “मिस, काय मजाच आली नाही.” कारण त्यांनी सुरुवात सुरुवातीपासून केलेली असते: एक माणूस होता, त्यानं दारू पिऊन भांडणात एकाला सुरा मारला, विहिरीत टाकलं आणि पळून जाऊन तो ज्योतिषी झाला. एवढं ऐकल्यावर आजी म्हणते, मग पकडला का? कथेची पोलिसातली खबर झाली. काळाच्या क्रमानं सांगितलं की ही कथा मरते, हे मुलांना स्वतःच कळतं. इथून पुढं शिकवायला फारसं उरत नाही. लेखकानं काय दडवलं, कुठं दडवलं, एवढंच शोधायचं.

मग रकाने. ज्योतिषी, गुरू नायक, आपण. शेंगदाणेवाला आपला दिवा फुंकून निघून जातो, तिथं कोणाला काय ठाऊक? कोणालाच काही नाही. गुरू नायक चिरूट पेटवतो, तिथं? काडीच्या उजेडात ज्योतिषाला त्याचा चेहरा दिसतो आणि तो एकदम माघार घ्यायला लागतो. त्याच्या रकान्यात सगळं आलं, आपल्या रकान्यात फक्त एवढंच, की बाबा घाबरला. का, ते नाही. उजेडाचं हे काम आमच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. इथल्या रेशमाच्या दुकानांत गिऱ्हाईक साडी उचलून दारापर्यंत का आणतं, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. मालगुडीच्या त्या रस्त्यावर नगरपालिकेचा दिवा असता तर गुरू नायकलाही समोरचा चेहरा दिसला असता आणि कथा दुसऱ्या पानावर संपली असती.

मग मी मास्तींची ‘रंगप्पाची लग्नगाठ’ सांगते. मास्ती वेंकटेश अय्यंगार याच गावात राहिले, कन्नड कथेचे जनक मानले जातात. रंगा होसहळ्ळीहून बंगळूरला शिकायला आलेला, लग्नाला नाही म्हणणारा. निवेदक गावच्या शास्त्र्याला आधीच पढवून ठेवतो, आणि शास्त्री पोथी काढून रंगाच्या मनातली मुलगी ओळखल्याचा आव आणतो. इथंही ज्योतिषी खोटाच. पण मास्ती आपल्याला कटात घेतात. आपल्याला ठाऊक, रंगाला नाही, म्हणून हसू येतं. नारायण आपल्याला बाहेर ठेवतात, म्हणून शेवटी दचकायला होतं. रकाने शेजारी शेजारी ठेवले की दोन लेखकांचे स्वभावच दिसतात. मला विचाराल तर मास्तींचं काम जास्त अवघड. सगळं आधी सांगून टाकूनही ऐकणाऱ्याला बसवून ठेवायचं. वर्गाला हे मत कधीच पटलेलं नाही.

रकान्यांत न बसणाऱ्या गोष्टीही निघतात. एका वर्षी गलाईवाल्याच्या पोरानं हात वर केला. “मिस, त्यो रुपया म्हनला हुता की. साडेबाराच आनं दिलं.” सोळा आण्यांचा रुपया हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, घरातल्या म्हाताऱ्यांचे हिशेब अजून त्या भाषेत चालतात. साडेतीन आणे कमी. आणि ज्योतिषानं तिथंच का मोजले नाहीत? अंधार होता म्हणून, एक जण म्हणाला. त्याला तिथून निसटायचं होतं म्हणून, दुसरी म्हणाली. मग वादाला तोंड फुटलं: जीव वाचला, खुनाचं ओझं उतरलं, आणि हा गडी घरी येऊन साडेतीन आण्यांसाठी शिव्या घालतो! कोणत्याही गाइडमध्ये ‘पात्रचित्रण’ या मथळ्याखाली हे सापडणार नाही. माझ्या मते अख्खा माणूस त्या शिवीत आहे.

पैसे मोजते ती बायको. चौथा रकाना आम्ही तिच्यासाठी शेवटी काढतो आणि तो जवळजवळ रिकामा असतो. नाणी पाहून तिला आनंद होतो, उद्या गूळ-खोबरं आणू, पोराला गोड हवंय, असं ती म्हणते. नंतर तिला कळतं, की आपण लग्न कोणाशी केलं. ज्योतिषी जांभई देऊन आडवा होतो, आणि तिच्या मनात काय चाललंय ते नारायण सांगत नाहीत.

मागच्या चाचणीत मी त्यावरच प्रश्न घातला: सकाळी तिनं गोड केलं का? कारण द्या. बऱ्याच जणांनी केलं असं लिहिलं, पोराचा काय दोष म्हणून. काहींनी नाही केलं, कारण ते पैसे गुरू नायकचे. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं चुका करत, पण ठामपणे लिहिलं होतं, की तिनं केलं, पोराला वाढलं, आणि नवरा उठायच्या आत पातेलं घासून ठेवलं. तिला मी पूर्ण गुण दिले.