इतर हक्क

पदवी हाती आली तेव्हा माझ्यापुढे दोन नोकऱ्या होत्या. एक इचलकरंजीतील सुताच्या पेढीवर दिवाणजीची. पगार बरा, शिवाय दिवाळीला बोनस. दुसरी एका दस्तलेखकाच्या हाताखाली, जवळजवळ निम्म्या पगाराची. यंत्रमागावर आयुष्य झिजविलेल्या वडिलांना पहिलीच पसंत होती. मी दुसरी धरली. कबनुरात उसाची शेते मोडून भूखंड पाडले जात होते आणि आम्ही भाड्याच्या खोलीत राहत होतो. जमिनीत पैसा घालायचा तर आधी तिचे कागद वाचता यावेत, एवढेच मला कळत होते.

सात-बारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. पहिल्यात हक्क, दुसऱ्यात पिके. पण खरी कथा फेरफारात असते: कोण वारला, कोणाचे नाव लागले, कोणाचे गळले. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे गुंठा-गुंठा तुकडे विकण्यास मनाई होती, हे ते घेणाऱ्या कामगारांस कोणी सांगत नसे; अखेर २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला. (जमीन पावसाळ्यात पाहावी, ही अक्कलही तेथलीच. उन्हाळ्यात प्रत्येक भूखंड उंचावरच असतो!)

पुढे बचत जमली आणि एक बिगरशेती भूखंड स्वस्तात चालून आला. वडील हरखले. उताऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात मात्र विकणाऱ्याच्या बहिणीचे नाव होते, आणि हक्कसोडपत्र कोठेच नव्हते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा मिळाला, हे मी पक्षकारांना रोज सांगत असे. एजंट हसला. "नाव नुसतं इतर हक्कात हाय. ती काय मागायला येणाराय व्हय?"

ती आमच्याच गल्लीत राहून कांड्या भरीत असे.

त्या रात्री नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट वडिलांनी काढली, मी नव्हे. "तिथंबी कागद हुताच की," ते म्हणाले, "राणीनं राजाच्या नावानं लिवलेला, शिक्का मारून."

बहिणीस वाटा देऊन तिची सही घ्यावी, असे मी विकणाऱ्यास सुचविले. त्याने महिन्याभरात दुसरे गिऱ्हाईक पाहिले. आम्ही आणखी सहा वर्षे भाडे भरले. मग गावाच्या टोकाला सव्वा गुंठा घेतला, जवळजवळ दुप्पट दराने. त्या खरेदीखतावर विकणाऱ्याच्या दोघी बहिणींच्या सह्या आहेत. त्या आपापल्या वाट्याचे पैसे मोजून घेत असताना वडील नोंदणी कार्यालयाच्या बाकावर बसून पाहत होते.