उरलेली अर्धी बाटली

गतवर्षीच्या थंडीत आमच्या देवळाची घंटा वाजविणारे वृद्ध सेवक छातीतील कफाने बेजार झाले होते. आमच्या कपाटात कफ सुटण्याच्या औषधाची अर्धी बाटली उरली होती. दयाबुद्धीने ती आम्ही त्यांच्या हाती दिली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मिस्साला घंटा वाजली नाही. घरी जाऊन पाहतो तो त्यांचे हात थरथरत होते व काळीज धडधडत होते.

बाटली पाहून डॉक्टर म्हणाले, "फादर, यात टर्ब्युटालिन आहे. ते श्वासनलिका मोकळी करते, पण हृदयाचे ठोकेही वाढविते. यांना हृदयविकार आहे, हे आपण विचारले होते काय?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. ईश्वरकृपेने ते बरे झाले. आमचे अज्ञान मात्र उघडे पडले.

प्रिय कुटुंबीयांनो, असे औषध खोकला थांबविण्यासाठी नसून कफ सुटून बाहेर पडावा म्हणून असते. त्याच्या जोडीला खोकला दाबणारे दुसरे औषध आपल्या मनाने घेऊ नये. सुटलेला कफ आतच राहतो. डॉक्टरांची मनाई नसल्यास कोमट पाणी वरचेवर प्यावे. मात्रा बाटलीसोबतच्या मापानेच घ्यावी. घरातील चमचे लहानमोठे असतात. गरोदर स्त्रियांनी व इतर औषधे चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

बालकांविषयी तर अधिकच जपावे. 2025 साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यातील डायएथिलीन ग्लायकॉल या विषाने त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. दोन वर्षांखालील मुलांना सर्दीखोकल्याची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालीलही सहसा देऊ नयेत, असे त्याच वर्षी केंद्र सरकारने बजावले.

खोकला दोन आठवडे टिकल्यास सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची ही तपासणी तेथे मोफत होते. थुंकीत रक्त दिसले वा दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

घंटा आता पुन्हा वेळेवर वाजते. आजाऱ्याकडे जाताना आम्ही मात्र औषध नेत नाही. गरज दिसल्यास त्याच्यासोबत दवाखान्यापर्यंत जातो.