न दिलेला दाखला

डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एका इस्त्रीवाल्याची टपरी होती. माणूस जौनपूरकडचा. माझ्या शाळेच्या गणवेशापासून पहिल्या नोकरीच्या शर्टापर्यंत सगळे कपडे त्याच्या कोळशाच्या इस्त्रीखालून गेले. पंपाच्या खोलीला लागून असलेल्या खोपटात तो राहायचा आणि त्याचं भाडं सोसायटीच घ्यायची. आईशी तो मराठीतच बोलायचा.

२००९च्या विधानसभा निवडणुकीआधी तो आमच्या दारात आला. बाबा तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी होते. ‘साहेब, मतदार यादीत नाव घालायचंय. मी इथे राहतो, एवढं लेटरहेडवर लिहून द्या.’ बाबा लिहायला बसलेसुद्धा. मी त्यांना आत बोलावलं आणि म्हणालो, देऊ नका. आज याला दाखला दिलात तर उद्या याच्या गावची दहा माणसं येतील, परवा नगरसेवक त्यांचा असेल. पोटासाठी आलाय, पोट भरावं. मत द्यायचं तर जौनपूरला जाऊन द्यावं. बाबांनी बाहेर येऊन ‘कमिटीला विचारावं लागेल’ असं सांगितलं. कमिटीला कोणी विचारलं नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २००८मध्ये, रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मुंबई-ठाण्याच्या केंद्रांवर मारहाण झाली होती. मी कुणावर हात उचलला नव्हता. पण घरात, भरल्या ताटावर, ‘बरं झालं’ असं मी म्हणालो होतो. ते शब्द माझे होते आणि आज मला त्यांची लाज वाटते.

वास्तविक हे सगळं माझ्याच घरात घडून गेलं होतं. आजोबा चिपळूणजवळच्या खेड्यातून परळच्या गिरणीत आले. पंधरा-वीस जणांच्या गाळ्यात वळकटी टाकायची, खाणावळीत जेवायचं, शिमग्याला आणि गणपतीला गावी जायचं, असे ते चाकरमानी. १९५७ला मुंबईत त्यांनी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या डांग्यांना मत दिलं, हे घरात अभिमानाने सांगितलं जाई. मुंबई उभी केली भांडवलवाल्यांनी, मराठी माणूस तिथे केवळ राबायला आला, तेव्हा शहरावर त्याचा हक्क तो काय, असं तेव्हा उघड बोललं जात होतं. आजोबांच्या पिढीने त्याला मतपेटीतून उत्तर दिलं. तोच युक्तिवाद मी पन्नास वर्षांनी इस्त्रीवाल्याला लावला, आणि तो तोच आहे हे मला दिसलंही नाही.

२०१५च्या शरदात मी कंपनीच्या कामावर लंडनला, हॅरोमध्ये राहायला आलो. काही महिन्यांत नगरपालिकेचं पत्र आलं: मतदार नोंदणी करा. मला वाटलं, चुकून आलं असेल. भारतीय पासपोर्ट, कामाचा व्हिसा, देशात येऊन सहा महिने झालेले. पण चूक नव्हती. कायदेशीररीत्या राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना ब्रिटनमध्ये पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देता येतं. साम्राज्याची सगळी प्रजा एकाच राजाची मानली जायची, तेव्हापासूनची ही तरतूद आहे. याच जोरावर मुंबईचे दादाभाई नौरोजी १८९२ला सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून आले होते. मला मत मिळालं ते मी कर भरला म्हणून नाही, कष्ट केले म्हणून नाही. माझ्या पणजोबांवर यांचं राज्य होतं म्हणून मिळालं. दाखल्यासाठी मला कोणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही.

२३ जून २०१६ला युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर सार्वमत झालं. आमच्या मराठी मंडळींत तेव्हा एक बोलणं जोरात होतं: हे पोलिश, रुमानियन लोक व्हिसाशिवाय येतात आणि आपल्या आईवडिलांना बोलवायचं तर शंभर कागद लागतात. मलाही ते पटलं. चर्चच्या सभागृहातल्या केंद्रावर दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने मी ‘बाहेर पडा’समोर फुली मारली.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. आमच्या ऑफिसात सफाईचं काम करणारी पोलिश बाई होती. २००४ला पोलंड संघात आल्याबरोबर ती आली होती. बारा वर्षं झाली होती, मुलगी इथल्याच शाळेत होती. माझ्या टेबलाखालची कचऱ्याची टोपली उचलताना तिने विचारलं, ‘तू मत दिलंस?’ मी ‘नाही’ म्हणालो. ‘मला कार्डच आलं नाही,’ ती म्हणाली. युरोपीय नागरिक म्हणून तिला नगरपालिकेसाठी मत देता येत होतं, पण तिच्याच भवितव्याचा हा निर्णय होता आणि त्यात तिला मत नव्हतं. आठ-नऊ महिन्यांपूर्वी आलेल्या मला होतं, आणि ते मी तिच्याविरुद्ध वापरलं होतं. ती टोपली रिकामी करून पुढच्या टेबलाकडे गेली. मला आमच्या फाटकाशी उभा असलेला इस्त्रीवाला आठवला, त्याने बाबांसमोर धरलेले हात आठवले.

त्यानंतर मी थोडं वाचू लागलो. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं. त्याची वास्तू डॉलिस हिलमध्ये आहे, गणपतीला आम्ही तिथे जातो. त्याच डॉलिस हिल स्टेशनाजवळ ग्रनविक नावाचा फोटो धुण्याचा कारखाना होता, हे मला तीन गणपती तिथे आरत्या म्हणून झाल्यावर कळलं. ऑगस्ट १९७६मध्ये ओव्हरटाइमच्या सक्तीवरून जयाबेन देसाई तिथून बाहेर पडल्या. पाच फुटांहून कमी उंची, अंगावर साडी. त्यांच्यामागोमाग आलेल्यांत पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका पुष्कळ होत्या. आफ्रिकेत ज्यांच्या घरची दुकानं होती, त्या इथे तासाच्या मजुरीवर उभ्या होत्या आणि शौचालयात जायलाही परवानगी मागत होत्या. १९६८ला इनॉक पॉवेल यांच्या स्थलांतरितविरोधी भाषणानंतर लंडनचे गोदी कामगार पॉवेल यांच्या पाठिंब्यासाठी पार्लमेंटवर चालून गेले होते. १९७७ला गोदी कामगार ग्रनविकच्या दारात आले ते या बायकांच्या बाजूने. क्रिकलवुडच्या पोस्टमननी कारखान्याचं टपाल हाताळायचं नाकारलं. संप १९७८ला हरला, मागण्या मान्य झाल्या नाहीत. तरी परक्या बायकांच्या संपाला इथल्या कामगारांनी आपला मानलं, हे घडून गेलं होतं.

मला त्यात एक गोष्ट लागली. आफ्रिकेतून आलेल्या या कुटुंबांपैकी अनेकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. नोकरी जाईल ही भीती होती, देशातून काढतील ही नव्हती. इस्त्रीवाल्याकडे असा कुठलाच कागद नव्हता, म्हणून तो ‘बरं साहेब’ म्हणून परत गेला. त्याच्या त्या गप्प बसण्याला मी त्याची पायरी ओळखणं समजत होतो. तो गप्प होता कारण कागद आमच्याकडे होता.

डोंबिवलीत राहणाऱ्याने मराठी शिकावी हा माझा आग्रह आजही आहे आणि त्यासाठी मी वाद घालतो. पण मत हे भाषेच्या परीक्षेचं बक्षीस नाही. माझी इंग्रजी इथे कोणी मतदान केंद्राच्या दारात तपासली नाही. आणि तो तर मराठी बोलत होता. म्हणजे माझा राग भाषेवरून नव्हताच. तो इस्त्री करायचा आणि माझ्या बरोबरीने रांगेत उभा राहणार होता, हे मला सोसत नव्हतं.

डिसेंबर २०२३मध्ये डोंबिवलीला गेलो ते सोसायटीच्या लेटरहेडवर त्याला दाखला मिळवून द्यायचा, असं ठरवूनच. टपरीच्या जागी दुचाक्या लागलेल्या होत्या. खोपट पाडून तिथे पाण्याची नवी टाकी बसवली आहे. तो कोविडच्या पहिल्या टाळेबंदीत गावी गेला, परत आलाच नाही, असं बाबांनी सांगितलं. त्याने आमच्या फाटकाशी तीस वर्षं इस्त्री केली. डोंबिवलीच्या मतदार यादीत त्याचं नाव एकदाही लागलं नाही.