मुठेकाठचें कसबें

नदीच्या कांठीं नगरें वसतात, हें वाक्य आपण सर्वांनीं लहानपणीं पाठ केलेलें असतें. परंतु नगर नदीच्या आश्रयानें राहतें म्हणजे नेमकें काय होतें, आणि तें नदीस विसरलें म्हणजे त्याची काय अवस्था होते, हें समजण्यास एखाद्या जुन्या पेठेंतच आयुष्य काढावें लागतें. पुण्याच्या कसबा पेठेंत आमच्या घराण्याच्या चार पिढ्या झाल्या. तेव्हां विद्वत्तेनें नव्हे, तरी वास्तव्यानें या पेठेविषयीं बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असें समजून हे चार शब्द लिहीत आहें.

ज्या पेठांस वारांचीं नांवें आहेत त्या मागाहून नांवारूपास आल्या. मूळचें पुणें म्हणजे हें कसबेंच. एका अंगास मुठा, दुसऱ्या अंगास नागझरीचा ओढा, आणि मध्यें दाटीवाटीची वस्ती, अशी त्याची ठेवण. १६३० च्या सुमारास आदिलशाही फौजेनें हें गांव उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरविला, व पुढें जिजाबाईंनीं बाळ शिवाजीस घेऊन येथें येऊन तें पुनः वसविलें, ही कथा पुण्याच्या प्रत्येक मुलास आजीच्या तोंडून कळते. कसब्याचा गणपति हें पुण्याचें ग्रामदैवत, आणि भाद्रपदांतील विसर्जनाच्या मिरवणुकींत पहिला मान आजही कसबा गणपतीचाच असतो. १७३० सालीं पहिल्या बाजीरावांनीं शनिवारवाड्याचा पाया घातला, आणि या लहानशा कसब्याच्या शेजारीं राजधानी उभी राहिली. इतिहासाचीं पुस्तकें येथून पुढें वाड्याचीच कथा सांगतात. तो वाडा १८२८ सालीं आगींत जळाला. त्यापूर्वींच, १८१८ मध्यें, पेशवाई संपली होती. राज्य गेलें, सदरा ओस पडल्या. परंतु कसब्याच्या आळ्या राहिल्या. मला वाटतें, पेठेचा खरा इतिहास या आळ्यांतच आहे.

त्यांचीं नांवेंच पाहा : कुंभारवाडा, तांबट आळी, बुरूड आळी, कागदीपुरा, शिंपी आळी, भोई आळी. यांतील कित्येकांचें पोट नदीवर अवलंबून असे. कुंभारास माती भिजविण्यास पाणी हवें. कागद करणाऱ्यास लगदा धुण्यास पाणी हवें. भोयाचें जाळें तर नदीवांचून चालणारच नाहीं. आमच्यासारखीं भिक्षुकी, वैद्यकी वा कारकुनी करणारीं घरें या सर्वांच्या मध्यें वसलेलीं. आपल्याकडे कुळधर्म-कुळाचार कडक पाळले जातात म्हणून अभिमान वाहण्याची चाल आहे. परंतु ते पाळले जात ते कोणाच्या हातांवर, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. संक्रांतीचीं सुगडें कुंभारवाड्यांतून येत. लग्नांतली रोवळी, सुपें आणि झाल बुरूड आळींतून येत. मुंजींतलें घंगाळ, न्हाणीघरांतला बंब, देवघरांतलें ताम्हन हीं तांबट आळींतलीं. तांबट हे पेशवाईच्या काळांत कोंकणांतून येथें येऊन स्थिरावले. तांब्याच्या पृष्ठभागावर हातोड्याचे सारखे, जवळजवळ ठोके देऊन ते जें मठारकाम करतात, तें केवळ शोभेसाठीं नसतें; त्या ठोक्यांनीं पत्रा घट्ट होतो आणि भांडें टिकतें. आमच्या घरचा बंब माझ्या आजोबांच्या लग्नांतला आहे, व तो अजून गळत नाहीं.

ही सोयरीक नव्हे, पण शेजार. आणि शेजाराची परीक्षा संकटांत होते. १२ जुलै १९६१ रोजीं ती झाली. त्या सकाळीं पानशेतचें नवें धरण फुटलें. आदल्या रात्रीं जवानांनीं वाळूचीं पोतीं रचून तें सांवरण्याची शर्थ केली होती, पण तिला यश आलें नाहीं. तें पाणी खालीं खडकवासल्याच्या, १८७९ सालीं पुऱ्या झालेल्या धरणावर आलें, आणि दुपारीं तेंही फुटलें. वडील सांगत कीं, पाणी चढतांना लोकांस जितकी भीति वाटली, त्याहून अधिक तें उतरतांना वाटली. कारण आपल्या जुन्या वाड्यांचें जोतें दगडाचें, पण वरच्या भिंती मातीच्या. पाणी ओसरूं लागलें तशा त्या भिजलेल्या भिंती बसूं लागल्या. आमचा वाडा थोडा उंचावर असल्यानें बचावला. नदीलगतचीं तीन कुटुंबें आमच्या माडीवर दीड महिना होतीं. आजीचें सोंवळें त्या दीड महिन्यांत कोठें गेलें, तें तिलाच ठाऊक ! चूल एक, पंगत एक. नळ बंद पडल्यामुळें पाणी विहिरीचें, आणि तेंही मोजून. पुढें गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहतींत पूरग्रस्तांस घरें मिळालीं, आणि पेठ प्रथमच पांगली.

माझ्या मतें त्या पुरापासूनच पुण्याच्या मनांत नदीविषयीं एक प्रकारचा दुरावा उत्पन्न झाला. पाणी आतां नळानें घरांत येतें. तें मुठेच्या खोऱ्यांतल्या धरणांचेंच असतें, पण नळ सोडतांना मुठेचें नांव कोणास आठवत नाहीं. वरचीं धरणें पाणी अडवितात, आणि शहरांतून वाहतें तें पावसाळ्यावांचून एरव्हीं बहुतांशीं सांडपाणी. नदीच्या पात्रांतून रस्ता गेला आहे, आणि उन्हाळ्यांत तेथें मोटारी उभ्या असतात. मग एखाद्या वर्षीं, जसें २५ जुलै २०२४ रोजीं झालें, अतिवृष्टि होते, धरणांतून पाणी सोडावें लागतें, आणि सिंहगड रस्त्यावरील नव्या इमारतींत पाणी शिरतें. तेव्हां आपण म्हणतों, नदी घरांत आली. वस्तुतः आपणच नदीच्या घरांत जाऊन राहिलों, हें म्हणणें आपल्या जिभेवर येत नाहीं. ४४ किलोमीटर नदीकांठ सुशोभित करण्याच्या योजनेची पायाभरणी २०२२ च्या मार्चमध्यें झाली. घांट बांधून नदी सुंदर दिसेलही. परंतु आंतलें पाणी हातांत घेऊन आचमन करण्याजोगें होईल, तोच तिचा खरा जीर्णोद्धार.

आजच्या पेठेकडे पाहावें तर ती जुनी दिसते, पण निजलेली नाहीं. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो मुठेच्या तळाखालून येऊन कसबा पेठेच्या नांवाच्या स्थानकावर थांबते, आणि कोथरूडास गेलेले आमचे थोरले बंधु आतां गणपतीस गर्दींत अडकल्याची सबब सांगूं शकत नाहींत. तांबट आळींत ठोक्यांचा नाद अजून ऐकूं येतो, पण विरळ. हंडे-बंबांस गिऱ्हाईक थोडें. दिव्यांच्या घुमट्या, झाडांच्या कुंड्या, पाण्याच्या बाटल्या यांवर काम चालतें.

वाड्यांचा प्रश्न मात्र अवघड आहे. २०१० सालच्या कायद्यानें संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम निषिद्ध आहे, आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगीवांचून करतां येत नाहीं. त्यामुळें शनिवारवाड्याभोंवतीं कित्येक घरें ना पाडतां येत, ना बांधतां येत. आमचा वाडा त्या मर्यादेबाहेर असल्यामुळें तो पाडून इमारत बांधण्याचा प्रस्ताव गेल्या वर्षीं आमच्यापुढें आला. मी अर्थातच नाखूष होतों. तेव्हां आमच्या सूनबाई शांतपणें म्हणाल्या, “बाबा, वाड्याचें कौतुक करणाऱ्यांनीं एकदां पावसाळ्यांत येथें राहावें. रात्रीं पांच ठिकाणीं पातेलीं मांडावीं, आईंचे गुडघे दुखत असतांना त्यांना अंगणापलीकडच्या शौचकूपापर्यंत धरून न्यावें, आणि मग लेख लिहावा.” यावर उत्तर नव्हतें, आणि आजही नाहीं.

परंतु प्रश्न केवळ आमचा नव्हता. वाड्याच्या पुढच्या सोप्यांत एक तांबट कुटुंब तीन पिढ्या भाड्यानें काम करतें. नकाशांत त्यांस तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या दाखविल्या होत्या; कायद्यास धरून, एक चौरस फूटही कमी नाहीं. काकांनीं नकाशा न्याहाळला आणि एवढेंच म्हटलें, “दादा, जागा चांगली आहे. पण तिसऱ्या मजल्यावर ऐरण कोण ठेवूं देणार ?” ज्यांच्या माडीवर पूर आला तेव्हां पेठ राहिली, त्यांच्या इमारतींत ऐरणीस जागा नसावी, हें माझ्यापेक्षां सूनबाईंसच अधिक लागलें. त्यांनींच तोड सुचविली : आमच्या वांट्यास तळमजल्यावर जें दुकान येणार होतें, तें काकांच्या कामास द्यावें, आणि त्या बदल्यांत त्यांच्या दोन खोल्यांपैकीं एक आम्हीं घ्यावी. दुकानाच्या भाड्यावर बंधूंची नजर होती. त्यांच्याशीं वादही बराच झाला. शेवटीं आईंनीं बंबाकडे बोट दाखविलें आणि वाद संपला. अट करारांत घातली आहे. सह्या येत्या महिन्यांत होतील.

वाडा पडेल तेव्हां मला वाईट वाटेल, हें खरेंच. परंतु सागवानी खांब आणि कडीपाट यांस संस्कृति समजून बसणें, आणि ज्यांच्या हातांनीं ती संस्कृति दररोज घडली त्यांस जाऊं देणें, हा उफराटा न्याय होय. जुन्या पेठांत ज्या वाचकांचीं घरें आहेत, त्यांच्यापुढें असे नकाशे आज ना उद्यां येतील. सही करण्यापूर्वीं आपल्या खोल्या मोजाव्या, यांत गैर कांहीं नाहीं. मात्र त्याच बैठकींत कुंभाराचें चाक, बुरुडाचा कोयता आणि तांबटाची ऐरण कोठें राहील, हेंही एकदां विचारावें. संक्रांतीस सुगडें बाजारांतूनही आणतां येतात. शेजार मात्र विकत मिळत नाहीं.